मदत हवी आहे: देवासजवळच्या शेतात पवनचक्की, करारावर सही करण्याआधी काय काय पाहावं?

मालवीण

नमस्कार मंडळी. आम्ही राहतो इंदूरला, पण आजोबांच्या वेळेपासून देवास जिल्ह्यात थोडी शेती आहे. जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या दिसतात ना, त्या बाजूला. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि डॉलर चना. शेती बटाईनं दिलेली आहे, हिशेब बाबा पाहतात.

गेल्या महिन्यात एका कंपनीचा माणूस घरी आला. शेतात एक चक्की उभी करायची आहे, जमीन भाडेपट्ट्यानं द्या म्हणाला. करारनामा इंग्रजीत आहे आणि त्यात जागोजागी ‘ऑनशोर विंड’ असं लिहिलंय. तोंडी त्याचं एकच पालुपद, जमीन जाईल ती खांबापुरती, बाकी शेती जशी आहे तशी करा. बाबांना ते पटलंय. मला शंका येते, पण नेमकं बोट कशावर ठेवायचं ते कळत नाही. वाऱ्यावर वीज व्हावी आणि ती आमच्या शेतातून व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच घाईनं सही नको वाटते.

त्यानं खसऱ्याच्या, म्हणजे शेताच्या सरकारी नोंदीच्या, नकाशावर लाल पेनानं एक गोल काढून दिलाय. शेतातही बाभळीजवळ खुंटी ठोकून तिला लाल कापड बांधलंय. त्यापलीकडे कागदावर काहीच नाही.

हे ऑनशोर म्हणजे नक्की काय? वीज जाणार कुठे, आमच्या विहिरीची मोटार तिच्यावर चालेल का? आमच्याकडे संध्याकाळी छान वारा सुटतो, पण तेवढ्यावर एवढं मोठं यंत्र चालतं? बटाईदाराचं घर शेतातच आहे, घरात लहान मुलं आहेत, तर आवाजाचं काय? आणि चक्की जुनी झाल्यावर ती कोण नेणार? या क्षेत्रात काम केलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पठारावरचा

ताई, मी साताऱ्याकडे चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्यांच्या देखभालीचं काम केलंय. जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

ऑनशोर म्हणजे जमिनीवर उभारलेली पवनऊर्जा. समुद्रात पाया घालून उभारतात ती ऑफशोर. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी तिच्या योजना आहेत, पण भारतात आज जी काही वाऱ्याची वीज होते ती जमिनीवरचीच. 1986 च्या सुमारास रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिनला पहिल्या छोट्या चक्क्या लागल्या, एकेक 55 किलोवॉटची. 2025 च्या मार्चअखेर देशाची वाऱ्याच्या विजेची एकूण क्षमता 50 हजार मेगावॉटवर गेली. आता एकच चक्की 2 ते 3 मेगावॉटची असते.

तुमचा संध्याकाळचा वारा आणि चक्कीचा वारा वेगळा. पात्यांचा मध्य जमिनीपासून शंभर मीटर किंवा त्याहून वर असतो. तिथे झाडं-घरांचा अडथळा नाही, त्यामुळे वारा जास्त जोराचा आणि सलग मिळतो. सेकंदाला साधारण 3 मीटर वारा असला की पाती वीज द्यायला लागतात, 11-12 मीटरला पूर्ण क्षमता गाठतात, आणि 25 मीटरच्या पुढे यंत्र स्वतःला बंद करून घेतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून कंपन्या उंच टेकड्या आणि पठारं शोधतात. वर्षातली बरीचशी वीज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. तेव्हा ढगांमुळे सौर पॅनेल मंदावलेली असतात, आणि नेमका तेव्हाच नैऋत्येचा वारा भरात असतो. या जोडीमुळेच वाऱ्याची वीज देशाला मोलाची आहे.

मोटारीचं म्हणाल तर, थेट नाही. चक्कीतून बहुधा 690 व्होल्टची वीज निघते, ट्रान्सफॉर्मर ती 33 हजार व्होल्टवर नेतो, तिथून सबस्टेशन आणि मग ग्रिड, म्हणजे विजेचं सामाईक जाळं. पुढे ती वितरण कंपनी घेते किंवा एखादा कारखाना स्वतःच्या वापरासाठी विकत घेतो. 2 मेगावॉटची चक्की वर्षभर सरासरी पाव क्षमतेनं चालली तरी सुमारे 44 लाख युनिट होतात. तुमच्या मोटारीला मात्र आहे तेच कनेक्शन राहील.

आता त्या लाल गोलाकडे या. खांब बुडाशी चार-पाच मीटरचा असतो, पण त्याखालचा काँक्रीटचा पाया वीसेक मीटर व्यासाचा. बराचसा मातीखाली जातो, तरी त्यावर गहू पेरायला मिळेल असं धरू नका. त्याला लागून क्रेन उभी करायला टणक सपाट जागा लागते. आणि सगळ्यात मोठी बाब म्हणजे रस्ता. एकेक पातं पन्नास-साठ मीटर किंवा त्याहून लांब, एका तुकड्यात ट्रेलरवरून येतं. वळणावर त्याला किती जागा लागते ते पाहिल्याशिवाय कळत नाही, शेताचे कोपरे कापले जातात. तुमच्याकडे काळी माती, पावसात तिच्यावर बैलगाडी रुतते. म्हणजे मुरूम-खडी टाकून उंच रस्ता होणार, आणि देखभालीसाठी तो चक्की असेपर्यंत राहणार. बाबांना विचारा, मुख्य रस्त्यापासून त्या बाभळीपर्यंत किती शेत ओलांडावं लागतं? तेवढी लांबी गुणिले रस्त्याची रुंदी, हे क्षेत्र करारात दिसलं पाहिजे.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. उंच रस्ता शेताच्या उताराला आडवा गेला की वरच्या बाजूला पाणी तुंबतं. काळ्या मातीत दोन दिवस पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं. रस्त्याखाली ठरावीक अंतरावर पाइप टाकून घ्या आणि त्यांच्या जागा नकाशावर दाखवून घ्या. काम सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

मालवीण

दादा, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. रस्त्यापासून बाभळीपर्यंत अख्खं शेत आहे आणि उतार आडवाच आहे. पाण्याची गोष्ट ऐकून ते पहिल्यांदा गप्प झाले. आवाज आणि कागदपत्रांबद्दल कोणी सांगेल का?

उज्जैनकर_वकील

मालवीणताई, केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी राहत्या घरापासून 500 मीटरचं अंतर सांगितलंय. सार्वजनिक रस्ते आणि इमारतींपासूनचं अंतरही वेगळं दिलंय: खांबाची उंची, अधिक पात्यांच्या चक्राचा अर्धा व्यास, अधिक 5 मीटर. 120 मीटर उंची आणि 130 मीटर व्यास धरला तर 190 मीटर. बटाईदाराचं घर खुंटीपासून किती लांब आहे ते टेप लावून मोजा. ते 500 च्या आत येत असेल तर खुंटी हलवायला सांगा, किंवा लेखी खुलासा मागा. सकाळ-संध्याकाळ घरावर पात्यांची सावली फिरते का, हेही त्यांच्याकडून काढून घ्या.

एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागत नाही. करार हिंदीत करून मागा, म्हणजे तुमच्या बाबांना स्वतः वाचता येईल. कागद विक्रीचा आहे, पट्ट्याचा आहे, की फक्त वाट आणि तार जाऊ देण्याचा, हे आधी पाहा. एकाच गठ्ठ्यात तिन्ही असू शकतात. भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, कंपनीनं प्रकल्प दुसऱ्याला विकला तर तुमच्या अटी नव्या मालकावर लागू राहतील का, उभ्या पिकाची भरपाई कोणत्या दरानं आणि ती बटाईदाराला थेट मिळेल का, हे सगळं लिहून घ्या.

चक्कीचं आयुष्य साधारण 20 ते 25 वर्षं धरतात. खांबाचं पोलाद भंगारात सहज जातं, पाती फायबरची, त्यांना गिऱ्हाईक मिळणं अवघड. त्यामुळे ती शेतात पडून राहणार नाहीत आणि पाया किमान अमुक खोलीपर्यंत फोडून वर माती भरली जाईल, असं कलम हवं. त्यासाठी बँक हमी मागा, म्हणजे कंपनीनं काम टाळलं तर पैसे बँक देईल. मोठी रक्कम असते म्हणून कां कूं करतील, पण मागा.

मालवीण

काका, घर अगदी जवळ आहे, खुंटीपासून हाकेच्या अंतरावर. रविवारी तो माणूस येतोय. बाबा आता स्वतःच म्हणालेत, आधी रस्ता, पाइप आणि घराचं अंतर काढलेला नकाशा आण, मग बोलू. शेवटची शंका, 33 हजारांची लाइन शेताच्या मधूनच जाणार का? विहिरीवर ट्रॅक्टर आणि बोअरची गाडी येते.

पठारावरचा

ताई, खांबांवरून नेणं स्वस्त, म्हणून ते आधी तेच सुचवतील. तुम्ही रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून केबल मागा. खोली मीटरभर तरी हवी, म्हणजे खोल नांगरटीतही फाळ लागणार नाही. वरून केबलची खूण सांगणारे दगड बसवायला लावा. खांबच उभारायचे म्हणाले तर ते बांधावर घ्या, आणि विहिरीवरून तार नको हे नकाशावर लिहून सही घ्या. बोअरची गाडी आपला मास्ट, म्हणजे उंच उभा सांगाडा, वर करते तेव्हा वरची तार जीव घेऊ शकते.