जॅकी रॉबिन्सनच्या गप्प बसण्याचं एवढं कौतुक का?

पानकळा
१५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन डॉजर्स संघाकडून पहिल्या बेसवर उभा राहिला आणि अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमधली सहा दशकांची वर्णबंदी मोडली. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण एकच गोष्ट उगाळतात: शिव्या खाल्ल्या, पण उलटून बोलला नाही. मला हे खटकतं. गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. १९४४ मध्ये टेक्सासच्या कॅम्प हूड या लष्करी तळावर लेफ्टनंट असताना बसचालकाने त्याला मागे जाऊन बसायला सांगितलं. तो जागचा हलला नाही. कोर्ट मार्शल झालं, त्यातून निर्दोष सुटला. अशा माणसाने तोंड मिटलं ते डॉजर्सचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकीने उलटून न बोलण्याची अट घातली म्हणून. ती अट हाच अन्याय होता.

दूरचा पल्ला
असहमत. अट अन्यायाची होती, मान्य. पण त्याने ती समजून-उमजून पत्करली. त्याच एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या संघाचा मॅनेजर (म्हणजे प्रशिक्षक) बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू रॉबिन्सनला रंगावरून घाणेरडं बोलत होते. रॉबिन्सनने एक ठोसा लगावला असता, तर सगळे संघमालक म्हणाले असते, 'बघा, आम्ही सांगतच होतो!' तो गप्प राहिला, आणि शेवटी त्याच्याच संघातला एडी स्टँकी चॅपमनच्या लोकांवर ओरडला, की ज्याला उत्तर देता येतं त्याच्या वाटेला जा. जुलैत क्लीव्हलँडने लॅरी डोबीला घेतलं. तीन महिन्यांच्या आत दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू!

पानकळा
स्टँकीचा प्रसंग मलाही हलवतो. पण रॉबिन्सन टिकला तो खेळावर. १९४९ मध्ये त्याने ते बंधन झुगारलं, पंचांशी उघड वाद घालू लागला. त्याच मोसमात फलंदाजीची ०.३४२ ची सरासरी, ३७ चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले) आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. तोंड उघडल्याने त्याचं काहीच बिघडलं नाही.

उंबरठा
तुम्ही दोघंही एकाच माणसापाशी अडकलात. कृष्णवर्णीयांच्या नीग्रो लीगचं काय झालं? रॉबिन्सन तिथल्याच कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून आला. रिकीने त्या संघाला एक छदामही दिला नाही. डोबीच्या वेळी त्याच्या न्यूअर्क ईगल्स संघाच्या मालकीण एफा मॅनलीबाईंनी मात्र पैसे वसूल केले. पुढे प्रेक्षक मोठ्या लीगकडे वळले आणि १९४८ च्या मोसमानंतर नीग्रो नॅशनल लीग बंद पडली. तिथे कृष्णवर्णीय माणसं संघ चालवत होती, मॅनेजर होती. पलीकडे जागा मिळाली ती फक्त खेळाडूंना, त्यातही निवडक. बॉस्टन रेड सॉक्सला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवायला १९५९ उजाडलं.

दूरचा पल्ला
लीग गेली याचं दुःख आहेच. पण जॉश गिब्सनसारखा फटकेबाज जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला, मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळता. अजून कितीजणांनी वाट पाहायची होती?

पानकळा
उंबरठा, तुमचा मॅनेजरचा मुद्दा खुद्द रॉबिन्सननेच मांडला होता. १५ ऑक्टोबर १९७२, सिनसिनाटी, वर्ल्ड सीरिज म्हणजे मोसमाची अंतिम मालिका. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेली, केस पांढरे. सत्कार स्वीकारतानाच त्याने भर मैदानात सांगितलं, की कृष्णवर्णीय मॅनेजर दिसेल तेव्हा मला जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी तो गेला. मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलँडकडून मैदानात उतरला तो १९७५ मध्ये.