मोटारहोमने सहकुटुंब मालवणला : कोणत्या घाटाने उतरावे?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण कोल्हापूरहून भाड्याच्या मोटारहोमने (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेल्या गाडीने) मालवणला जाणार आहोत. आईच्या गुडघ्यांमुळे वाटेत स्वच्छतागृह शोधत फिरण्यापेक्षा ते गाडीतच असलेले बरे, हे त्यामागचे खरे कारण. परंतु गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला उतरावे, राधानगरीमार्गे फोंडा घाट धरावा की आजऱ्यावरून आंबोलीने जावे, हे काही ठरत नाही. काल गाडी चालवून पाहिली, तेव्हा एका वळणावर ओट्याखालचा कप्पा उघडून डबे खाली आले, तेही सपाट रस्त्यावर! अशी उंच गाडी घाटातून नेलेल्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा. शिवाय रात्री विजेची जोडणी मिळेल आणि सांडपाण्याची टाकी रीतसर रिकामी करता येईल, अशी जागा मालवण परिसरात कोठे आहे?