प्रश्न फक्त निवडीचा नाही

त्वचा सावळी करण्यासाठी अतिनील किरणांच्या दिव्यांखाली झोपवणाऱ्या 'टॅनिंग' यंत्रांबद्दल काही जण म्हणतात की सज्ञान माणसाने आपल्या कातडीचं काय करायचं ते त्याचं तो ठरवेल, सरकारने मध्ये पडू नये. मला हे अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्येच ही यंत्रं माणसात कर्करोग नक्की घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली, म्हणजे तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंगतीत. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठीचा वापर बंद केला. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून १८ वर्षांखालच्यांना मनाई आहे. ती हवीच, कारण लहान वयात सुरुवात झाली की मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा, धोका जास्त वाढतो.

आणि निवड म्हणायची तर खरी माहिती तरी मिळते का? 'ड जीवनसत्त्व मिळतं' असं सांगून गिऱ्हाईक ओढतात. पण या दिव्यांतून मुख्यतः यूव्हीए प्रकारचे अतिनील किरण येतात आणि ड जीवनसत्त्व बनतं ते यूव्हीबी या दुसऱ्या प्रकाराने. डोळे मिटले की झालं, असंही अनेकांना वाटतं. पापणी इतकी पातळ असते की किरण आरपार जातात. चष्मा न देता, गिऱ्हाइकाची त्वचा न बघता कुणी यंत्र चालू करून देत असेल, तर त्याचा परवाना थेट रद्द व्हायला हवा.