सल्ला हवा आहे: चाकणहून हंगेरीला माल, हॅम्बुर्ग सोडून कोपर बंदर धरावं का?

घाटावरचा_डिस्पॅच
नमस्कार मंडळी. आमचा चाकणचा कारखाना एका युरोपीय कंपनीचा. ग्राइंडिंग झालेले गिअरबॉक्स शाफ्ट हंगेरीतल्या आमच्याच दुसऱ्या प्लांटला जातात, महिन्याला आठ कंटेनर. आजवर न्हावा शेवा ते हॅम्बुर्ग आणि पुढे रेल्वे. आता मुख्यालयाचं फर्मान आलंय: यापुढे स्लोव्हेनियातलं कोपर. कोणीतरी नकाशावर पट्टी ठेवून ठरवलंय असा मला दाट संशय आहे. पहिल्या दोन खेपा वेळेवर पोचल्या, तिसरी वाटेत एका बदलीच्या बंदरात (जिथे कंटेनर एका जहाजातून उतरवून दुसऱ्यावर चढवतात) अकरा दिवस पडून राहिली. विमानाने माल पाठवायचा खर्च आमच्या माथी. जाणकारांनी सांगावं, चालू ठेवू की भांडून परत हॅम्बुर्ग घेऊ?

डॅन्यूबकाठी
पट्टी खोटी नाही हो. बुडापेस्टला कोपरपेक्षा हॅम्बुर्ग दुपटीने लांब. ऑस्ट्रिया-हंगेरीचा माल कोपरला उगाच येत नाही, वर्षाला दहा लाखांच्या वर टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) हाताळणारं बंदर आहे ते.

मेख आहे रेल्वेची. बंदर समुद्रसपाटीला, पुढचं ‘दिवाचा’ नावाचं स्टेशन चारशे मीटरहून उंच आणि मधला जुना मार्ग एकेरी. कर्जत-लोणावळा घाट एकाच रुळावर चालवायचा म्हटलं तर काय होईल, तसं. जून २०१९ मध्ये त्या मार्गावर बोगद्यात मालगाडी घसरून केरोसीन सांडलं आणि बंदराची रेल्वेच तुटली. या एकेरी मार्गाला जोड म्हणून २७ किलोमीटरचा नवा मार्ग बांधायला घेतला, त्यातले २० हून जास्त बोगद्यात. तो नीट रुळेपर्यंत महिन्याला दोन कंटेनर ट्रकने न्यायचा दर आधीच ठरवून ठेवा. हिवाळ्यात तिथे बुर्या नावाचा वारा सुटतो, तेव्हा क्रेन थांबतात. त्याला इलाज नाही.

उरणचा_फॉरवर्डर
रेल्वेचं नंतर बघू. आधी जहाज कुठून जातंय ते विचारा. कोपरचा सगळा फायदा सुएझच्या जिवावर आहे. कालव्यातून बाहेर पडलं की कोपरचा एड्रियाटिक समुद्र जवळ, हॅम्बुर्गला मात्र स्पेन-पोर्तुगालला वळसा घालून जावं लागतं. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच लायनी (जहाज कंपन्या) आफ्रिकेखालून जायला लागल्या. जिब्राल्टरला पोचलेल्या जहाजाला हॅम्बुर्ग काय नि कोपर काय, अंतर जवळजवळ सारखंच! शिवाय कोपरचा माल बऱ्याचदा स्पेनच्या अल्हेसिरास किंवा इटलीच्या जोया ताउरो बंदरात उतरवून फीडरवर, म्हणजे छोट्या जहाजावर, चढवतात. फीडर चुकली की पुढचीची वाट बघत बसा.

त्यामुळे दर मागताना नुसतं भाडं विचारू नका. बदल्या किती, कुठे, ते लेखी घ्या. दोन बदल्या असतील तर सरळ नाही म्हणा. प्लांटपर्यंतची वाहतूक लाइनकडेच द्या, म्हणजे उशीर झाला तर भांडायला एकच माणूस. कस्टम्स कोपरलाच उरकायची सक्ती नाही, टी-वन कागदावर (कस्टम्स न उरकता माल पुढे न्यायची परवानगी) माल हंगेरीपर्यंत नेऊन तिथे क्लिअर करता येतो.

बंडू_ट्रिएस्टे
आयडीवरून कळलंच असेल :) इटलीतल्या ट्रिएस्टे बंदराचाही दर घ्या. कोपरपासून वीसेक किलोमीटर, पण रेल्वे वेगळी. निदान घासाघीस करायला उपयोगी पडेल.

गंजलेला_क्यूसी
थोडं अवांतर, पण शाफ्ट म्हणालात म्हणून. आफ्रिकेच्या टोकाला, केपच्या वाटेने कंटेनर दोनदा विषुववृत्त ओलांडतो. आत दमट हवा, बाहेर गारठा, छताला पाणी धरतं आणि ठिबकतं. आमच्या एका खेपेत वरच्या थरातल्या शाफ्टवर, बेअरिंग बसते नेमकी तिथे, बोटभर रुंद तांबूस पट्टा होता. शोधून काढलं तर व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशवीचं तोंड स्टेपलरने बंद केलेलं! उष्णता देऊन सील करा. छताशी ओलावा शोषणाऱ्या पट्ट्या टांगा. आणि पॅलेट हाताने चाचपून बघा. लाकडी पॅलेटवरचा आयएसपीएम १५ चा शिक्का कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा असतो, लाकूड कोरडं असल्याचा नव्हे.

घाटावरचा_डिस्पॅच
सगळ्यांचे आभार. आमच्या फॉरवर्डरला आज खोदून विचारलं. तिसऱ्या खेपेला दोन बदल्या होत्या, कोटेशनमध्ये अवाक्षर नाही. आता मुख्यालयाला लिहितोय: सहा कंटेनर कोपरने, एकाच बदलीचे. दोन हॅम्बुर्गने. हंगेरीत तीन आठवड्यांचा जादा साठा. त्या साठ्यात अडकणारा पैसा कुणाच्या खात्यावर टाकायचा, यावरून ईमेलांची लढाई जुंपणार हे नक्की.

क्यूसी साहेब, पॅकिंगच्या टेबलावर जाऊन आलो. दोन स्टेपलर होते, दोन्ही माझ्या खणात आहेत.