मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याची पहिली टाकी, पुण्याचा उन्हाळा

नमस्कार मंडळी, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये समुद्री मासे पाळायला २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावतोय. आरओचं पाणी, मरीन सॉल्ट, विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) १.०२५ आणि माशांना घातक अमोनिया-नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे सोडायचे नाहीत, एवढं समजलंय. (लेकीला मात्र क्लाऊनफिश उद्याच हवाय!)

खरी काळजी एप्रिल-मेची. बाहेर पारा चाळिशीला टेकतो आणि टाकीत २६ अंशांच्या आसपास हवं. चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय), नुसत्या पंख्यावर कुणी उन्हाळा काढलाय का? बाष्पीभवनाने खारटपणा चढतो, मग रोज साधं आरओ पाणी किती घालावं लागतं? लाइट गेल्यावर वेव्हमेकर (टाकीत पाणी खेळतं ठेवणारा पंप) घरच्या इन्व्हर्टरवर चालतो का?

टाकीत ठेवायचे खडक कोरडेच घेणार, समुद्रातले जिवंत नाहीत. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा ‘समुद्रातून ताजे आणून देतो’वाल्यांचे नंबर कृपया नकोत.