फोल्डिंग ई-स्कूटर घ्यायची आहे, काय काय बघून घ्यावी?

*बी-३०४:* नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. मुलीला चिकलठाणा एमआयडीसीत नोकरी लागली आहे. कंपनीची बस सेव्हन हिलला थांबते. घरापासून तिथपर्यंत अडीच किलोमीटर, आणि तिकडे उतरल्यावर प्लांटपर्यंत आणखी दोन. उभं राहून चालवायची, घडी होणारी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी म्हणतेय, म्हणजे बसमध्ये सोबत नेता येईल. आपल्या विंगला लिफ्ट नाही हे माहीतच आहे. दुकानदार ६० किलोमीटर रेंजची, ५०० वॉटची घ्या म्हणायलेत. जाणकारांनी सांगावं.

*सी-२०१:* ताई, ६० ची रेंज डोक्यातून काढून टाका. जाऊन-येऊन दिवसाला ९ किलोमीटर होतात. तुमच्यासाठी पहिला आकडा वजनाचा, त्यानंतर घडीचं लॅच (उघडलेला दांडा पक्का धरणारी कडी), मग टायर. रेंज सगळ्यात शेवटी.

*सी-२०१:* हिशोब असा करा. बॅटरीवर व्होल्ट आणि एएच (अँपिअर-अवर) लिहिलेलं असतं, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर. ३६ व्होल्ट, ७.८ एएच म्हणजे २८०. ६०-७० किलोचा माणूस शहरात थांबत-निघत चालवतो तेव्हा किलोमीटरला १३ ते १५ वॉट-अवर जातात. म्हणजे २८० मध्ये १८-२० किलोमीटर. २० टक्के बॅटरी शिल्लक ठेवली तरी १५ कुठं गेले नाहीत. काही वर्षांनी बॅटरी ७० टक्क्यांवर आली तरी तिचे ९ किलोमीटर निघतील. कंपनी रेंज मोजते ती सपाट रस्त्यावर, हळू वेगात, एकसारखं चालवून. त्या आकड्याचा अर्धा ते दोन तृतीयांश धरायचा.

*डी-४०२:* पण मोठी बॅटरी असली तर बिघडतं काय? रोज चार्ज करायची कटकट नको.

*सी-२०१:* वजन बिघडतं दादा. २८० वॉट-अवरच्या पॅकमध्ये साधारण ३० सेल असतात, नुसते सेलच दीड किलोच्या आसपास. बॅटरी दुप्पट केली की डेक (उभं राहायची पाटी) लांब होतो, मोटर मोठी लावतात, हँडलचा दांडा जाड होतो, आणि साडेबारा किलोची गाडी १८ किलोवर जाते. घरातलं रिकामं गॅस सिलिंडर साधारण १५-१६ किलोचं असतं. ते एका हातात धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता नेता येतं का, हे आधी बघा. नेता येत नसेल तर ती गाडी महिनाभरात पार्किंगमध्येच राहायला लागेल, आणि मग घडीचा उपयोग काय? मुलीसाठी १३ किलोच्या वर जाऊ नका. दुकानात जाताना लटकवायचा स्प्रिंग काटा सोबत न्या, कारण पत्रकावरचं वजन कधी कधी चार्जर आणि इतर सामान सोडून, कधी चक्क दुसऱ्याच मॉडेलचं असतं.

*ए-१०२ (काका):* ५०० वॉटबद्दल सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम २(यू) आहे. मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि हे अधिकृत चाचणी संस्थेनं तपासून दिलेलं असेल, तरच ते वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. त्याच्या वर गेलं की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. बाहेरून आलेल्या या उभ्या स्कूटरला टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला चाचणीनंतर मिळणारी मंजुरी) नसेल तर आरटीओत नोंदणीही होत नाही, म्हणजे रस्त्यावर काढायची सोयच उरत नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा नाही आणि भरपाई आपल्या खिशातून.

*ए-१०२ (काका):* दुकानावर 'आरटीओची गरज नाही' असा बोर्ड असतो, तो पुरावा नव्हे. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांच्यासारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा, त्याची प्रत बिलासोबत घ्या, आणि मॉडेलचा नंबर गाडीवरच्या पट्टीशी ताडून बघा. 'पीक ५००' आणि 'रेटेड २५०' हे दोन वेगळे आकडे आहेत. कायद्याला सतत मिळणारी शक्ती बघायची असते, क्षणभराची नाही. कागद दाखवत नसतील तर गाडी कितीही चांगली असो, घेऊ नका.

*बी-३०४:* काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण २५० वॉटमध्ये उड्डाणपूल चढेल का?

*सी-२०१:* चढेल, पण वेग १२-१५ वर येईल आणि मागून गाड्या हॉर्न मारतील. तिला पुलावर जाऊच देऊ नका, खालचा सर्व्हिस रस्ता धरायला सांगा. जालना रोडच्या मुख्य लेनमध्ये तर ही गाडी मुळीच नको. आणि मोटर पुढच्या चाकात असेल तर चढावर वजन मागं जातं, पुढचं चाक हलकं होतं, खडी किंवा ओला रस्ता असला की जागेवर फिरतं. मागच्या चाकात मोटर असलेली मिळाली तर बरी. हलक्या गाड्यांत ती कमी मिळते, म्हणून त्यासाठी अडून बसू नका.

*सी-२०१:* आता लॅचबद्दल, कारण जिवाशी खेळ इथं आहे. दांडा डेकला जिथं दुमडतो तिथं एक बिजागर, एक लीव्हर आणि बहुतेक गाड्यांत एक सेफ्टी पिन किंवा सरकती कडी असते. चालवणाऱ्याचं सगळं वजन ब्रेक मारताना त्या एका जोडावर येतं. २०१९ मध्ये शाओमीनं एम ३६५ च्या काही गाड्या परत मागवल्या होत्या त्या याच कारणानं: घडीच्या जोडातला स्क्रू ढिला पडून दांडा तुटण्याची शक्यता होती.

दुकानात तपासायचं असं. गाडी उघडा, लीव्हर बंद करा, पुढचं चाक भिंतीला टेकवा किंवा ब्रेक दाबून धरा आणि हँडल पुढं-मागं ढकला. बिजागराच्या फटीवर दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. टक् टक् जाणवलं तर तिथं खेळ आहे. नवीन गाडीत हा खेळ शून्य पाहिजे. मग लीव्हर बंद असताना सेफ्टी कडी न सोडता तो उघडायचा प्रयत्न करा. उघडला तर ती गाडी परत ठेवा. घडी आणि उघड निदान दहा वेळा करून बघा; दहाव्या वेळीही लीव्हर तितकाच घट्ट बसला पाहिजे.

वापरात आल्यावर महिन्याला एकदा हेच. खेळ दिसला तर लॅचजवळचा ॲडजस्टिंग स्क्रू ॲलन कीनं पाव फेरा आवळायचा, पुन्हा बघायचं. एकदम आवळला तर लीव्हर अर्धवट बंद होतो आणि बसलाय असं वाटतं, ते जास्त धोक्याचं. आतला रबरी बुश झिजला असेल तर आवळून काही होत नाही, तो बदलावाच लागतो.

*सी-२०१:* कमी-जास्त उंचीचा दांडा आणि दुमडणारं हँडल अशी दोन्ही सोय असलेल्या गाड्या दुकानात छान दिसतात. पण प्रत्येक नवा जोड म्हणजे एक नवी ढिली होणारी जागा. उंची ठरलेली आहे, एकच माणूस चालवणार आहे, तर सरळ एकसंध दांडा घ्या.

*डी-४०२:* टायर भरीव घेतला तर पंक्चरचा त्रास नाही ना? आपल्याकडं वेड्या बाभळीचे काटे रस्त्याकडेला कमी आहेत का!

*सी-२०१:* काटे आहेत, तरीही भरीव नको. साडेआठ इंची चाक, सस्पेन्शन नाही, वर भरीव रबर. खड्ड्याचा दणका मनगटात आणि गाडीच्या प्रत्येक स्क्रूत जातो. लॅच ढिलं पडायचं एक मोठं कारण हेच. ओल्या सिमेंट रस्त्यावर ते घसरतं ते वेगळंच. हवेचा टायर घ्या आणि ट्यूबमध्ये ५० मिलीच्या आसपास सीलंट टाकून ठेवा. बारीक काट्याची भोकं आपोआप बुजतात.

हवा ४५ ते ५० पीएसआय ठेवायची, पण टायरवर छापलेला कमाल आकडा ओलांडायचा नाही. आठवड्याला तपासायची. यातली बहुतेक पंक्चरं काट्यानं होत नाहीत, हवा कमी असताना खड्ड्याची कड लागून ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते त्यानं होतात. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसतात. पंपावरची नळी इतक्या लहान चाकात शिरत नाही. वाकडी व्हॉल्व्ह नळी मिळते, ती चार्जरच्या पिशवीत टाकून ठेवा.

*बी-३०४:* आणि पंक्चर झालंच तर? आपल्या कोपऱ्यावरचे दादा करतील का?

*सी-२०१:* बहुतेक जण नाही म्हणतात, कारण टायर लहान आणि ताठ असतो. पण घरी होतं. गाडी बंद करा. मोटर नसलेलं चाक असेल तर सरळ निघतं. मोटरच्या चाकाची वायर आधी सोडवावी लागते आणि तिचा मार्ग फोटो काढून ठेवावा. हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हची नट काढा, टायर दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात बसवा. तिथं तो सैल होतो, मगच लीव्हर घाला. टायर अर्धा तास उन्हात ठेवला की मऊ पडतो, कडेला साबणाचं पाणी लावायचं. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, नवी ट्यूबच फाटते. जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवा; काट्याचं मोडलेलं टोक जिथं असेल तिथं कापूस अडकतो. ते टोक राहिलं तर नवी ट्यूब त्याच दिवशी जाते. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच बसवा, म्हणजे पीळ पडत नाही. दोन तुकड्यांची रिम असलेली गाडी मिळाली तर हे सगळं दहा मिनिटांचं काम.

*सी-२०१:* ब्रेक: एक तरी यांत्रिक हवाच, नुसता इलेक्ट्रॉनिक नको. बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा मोटरचा ब्रेक कमी पकडतो. धूळ बघता डिस्कपेक्षा ड्रम बरा, तो बंदिस्त असतो. ॲप, ब्लूटूथ, रंगीत लाइट यांचे पैसे देऊ नका. मागचा लाल दिवा आणि घंटी मात्र पाहिजे. आणि पायानं ढकलल्यावरच मोटर चालू होणारी घ्या, नाहीतर बसमध्ये चढताना अंगठा लागला की गाडी पळते.

*ए-१०२ (काका):* बॅटरीचं मी सांगतो, कारण आपल्याकडचा मे महिना या गाड्या बनवणाऱ्यांच्या डोक्यात नसतो. या सेलसाठी चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ अंश असते. बाहेर ४२ असताना पत्र्याच्या शेडखाली काळ्या डेकच्या आतलं तापमान त्याच्या वर जातं. तशी गरम गाडी घरी आणून लगेच प्लगला लावली की सेल लवकर म्हातारे होतात, आणि खराब सेल असेल तर धोका. घरी आल्यावर तासभर फरशीवर राहू द्या, मग लावा. साडेचार-पाच तासांत भरते. उन्हाळ्यात पहाटे लावणं सगळ्यात चांगलं. खर्चाची काळजी नको, एका फुल चार्जला ०.३३ युनिटच्या आसपास लागतं. युनिटला १२ रुपये धरले तरी ४ रुपये.

चार्जर गाडीसोबतचाच. ३६ व्होल्टच्या पॅकचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ व्होल्टवाल्याचा ५४.६. दोघांची पिन पुष्कळदा सारखीच असते, बसते सुद्धा. ४८ वाला चुकून ३६ ला लागला आणि आतल्या बीएमएसनं (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटनं) दगा दिला तर आग. चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि 'आर' नं सुरू होणारा नंबर बघून घ्या. दिवाळीत गावी जाताना ५०-६० टक्के ठेवून जा, पूर्ण भरून नको आणि पूर्ण रिकामी तर अजिबात नको. बंद असतानाही बीएमएस थोडं थोडं खात राहतं. पॅक फार खाली गेला की चार्ज घेत नाही, आणि मग कुणी 'उठवून देतो' म्हणालं तरी तो उठवायचा नाही.

*सेक्रेटरी:* सोसायटीच्या वतीनं विनंती. जिन्यात, पॅसेजमध्ये किंवा मीटरच्या पेट्यांजवळ कुणीही बॅटरी चार्जिंगला लावू नये. आग लागलीच तर बाहेर पडायचा रस्ता तोच आहे. घरात लावताना दाराच्या आड नको, गादी-सोफ्याजवळ नको, झोपल्यावर नको. बॅटरीतून फसफस आवाज, गोड वास किंवा धूर आला तर हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडून १०१ ला फोन करायचा. आपल्याकडच्या पावडरच्या सिलिंडरनं ज्वाळा विझते, पण सेल आतून तापलेलेच राहतात आणि आग पुन्हा पेटते. त्याला भरपूर पाणी लागतं, ते काम अग्निशमनवाल्यांना करू द्या.

*बी-३०४:* पावसाळ्याचं काय? पत्रकावर धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा आयपी ५४ लिहिलाय.

*ए-१०२ (काका):* ५४ म्हणजे धूळ बऱ्यापैकी अडते आणि उडालेलं पाणी चालतं. साचलेल्या पाण्यातून नेणं यात बसत नाही. बॅटरी डेकमध्ये आहे, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवरही नाही. त्याच कारणानं उंच गतिरोधकावर उतरून हातानं न्यायची. डेकचं पोट घासलं तर दणका थेट सेलना. भिजली तर कोरड्या फडक्यानं पुसा, चार्जिंगच्या तोंडाचं रबरी झाकण उघडून रात्रभर वाळू द्या, मगच लावा. पाइपानं धुवायची नाही. पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत, ते कलम वाचून घ्या.

*बी-३०४:* आज दोन बघितल्या. एक १२.५ किलो, ७.८ एएच, हवेचे टायर, ड्रम ब्रेक, २५० वॉट. दुसरी १७ किलो, १३ एएच, भरीव टायर, आणि ३ हजारांनी स्वस्त. दुसऱ्या गाडीचं प्रमाणपत्र 'नंतर पाठवतो' म्हणाले.

*सी-२०१:* पहिली. घडी घातल्यावर लांबी किती आहे ते मोजलंत का? साधारण ११० सेंटीमीटर असते, हँडलची रुंदी ४३-४५. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं किंवा शेवटच्या सीटखाली तेवढी जागा आहे का, हे मुलीला उद्याच टेपनं मोजून आणायला सांगा. पैसे त्यानंतर भरा.

*ए-१०२ (काका):* आणि बिलावर मोटरचा आणि बॅटरीचा सीरियल नंबर लिहून घ्या. हेल्मेट त्याच दिवशी घ्या, कायदा मागो न मागो.

*बी-३०४:* बस उद्या मोजते म्हणाली. पहिल्या गाडीच्या प्रमाणपत्राचा फोटो इथं टाकते, काका तुम्ही एकदा मॉडेल नंबर बघाल का?

*ए-१०२ (काका):* टाका. गाडीवरच्या पट्टीचाही फोटो जवळून काढा, वॉट आणि नंबर दोन्ही वाचता आले पाहिजेत.