पाणी हवंच, पण पंजे कोण बघणार?
'दोन लिटर पाणी जादा घेतलं की कुत्र्याचा ट्रेक निभतो' असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. आमच्या मोतीला फेब्रुवारीत राजगडावर नेलं होतं. चोर दरवाजाची वाट त्याला जमणार नाही म्हणून पाली दरवाजाने चढलो. सकाळी स्वारी सगळ्यांच्या पुढे. उतरताना दुपारचा दीड वाजलेला, काळा कातळ तव्यासारखा तापलेला. चार पावलं टाकायचा आणि बसायचा. दमला असेल म्हणून आम्ही पाणीच पाजत राहिलो. शेवटी पंजा उलटा करून पाहिला, तर गादीची कातडी सोललेली! अठ्ठावीस किलोचं धूड मग आळीपाळीने खांद्यावर. (माझी पाठ अजून आठवण काढते.)

तेव्हापासून तळहाताची मागची बाजू सात सेकंद दगडावर ठेवून बघतो. मला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. बूट आणलेत, पण ते थेट गडावर घालू नका. मोती पहिल्या दिवशी बगळ्यासारखा एकेक पाय झटकत होता. रोज दहा मिनिटं घरात घालून फिरवला, तेव्हा कुठे दोन आठवड्यांनी नीट चालायला लागला.